जांभळी नाक्याजवळचं लेस-लोकरीचं दुकान: फ्लाय बांधणाऱ्यांनी एकदा जाऊन यावं असं

ठाणे स्टेशनवरून जांभळी नाक्याकडे निघालं की बाजारपेठेतल्या एका आतल्या गल्लीत लेस, फॉल, अस्तर, बटणं, लोकर आणि जर विकणारं एक छोटं दुकान लागतं. दारात लोकरीचे गुंडे जाळीच्या पिशवीत टांगलेले असतात. काउंटरच्या कडेला लेस मोजायची पितळी पट्टी ठोकलेली आहे. आत दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं. दुकानाचं नाव मी लिहीत नाही, कारण काकांनीच सांगितलं, "ताई, नाव नका टाकू. लोक फोन करून विचारत बसतील आणि फोन घ्यायला माझ्याकडे माणूस नाही." तेव्हा खुणेवरून शोधा.

मी चौदा वर्षं साड्यांना फॉल-पिको करून देते, त्यामुळे या दुकानात माझं येणंजाणं कायमचंच. गेली तीन वर्षं मात्र मी तिथे फॉलपेक्षा दुसऱ्याच कामासाठी जास्त वेळ उभी असते. मासे पकडायच्या फ्लाय बांधायला लागणारं सामान मी तिथून घेते. ठाण्यात या कामासाठी याच्याहून चांगलं दुकान मला सापडलेलं नाही, आणि ते का, हे सांगायलाच हे लिहायला घेतलं.

फ्लाय म्हणजे गळावर दोरा, पीस, लोकर, केस बांधून केलेली किड्याची, कोळंबीची किंवा लहान मासळीची नक्कल. आपण नेहमी गरवतो तेव्हा शिशाच्या वजनाने दोरी लांब जाते. इथे दोरी स्वतःच जाड आणि वजनदार असते, ती हवेत पुढेमागे झुलवून फेकतात आणि फ्लाय तिच्यामागून जाते. फ्लायला स्वतःचं वजन जवळजवळ नसलं तरी चालतं, म्हणून पिसाच्या एका तंतूपासून सगळं तिच्यावर बांधता येतं. माझा दादा जहाजावर आहे. २०२१ साली रजेवर येताना त्याने एक आठ नंबरचा रॉड आणला, रिळावर दोरी होती आणि डबीत सहा फ्लाय होत्या. बाबा चेंदणी कोळीवाड्यातले, आयुष्य खाडीवर गेलेलं. त्यांनी डबी उघडली, एकेक फ्लाय तळहातावर घेतली आणि मला म्हणाले, "शिवणाचं काम आहे बाय हे. तुला जमंल." ते वाक्य मी मनावर घेतलं.

सुरुवातीला ऑनलाइन एक तयार पेटी मागवली होती, २,८०० रुपयांची. तिच्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण बरेच जण तिथूनच सुरू करतात. व्हाइसचा, म्हणजे बांधताना गळ पकडून ठेवणाऱ्या शिकंज्याचा, जबडा गळ नीट धरत नव्हता, दोरा जरा ताणला की गळ फिरायचा. गळांच्या डोळ्यांना, म्हणजे दोरी ओवायच्या भोकांना, आतून धार होती, त्या धारेवर दोरा कापला जायचा. पिसांचा रंग बोटांना लागत होता. पेटीत सोळा प्रकारचं सामान होतं पण त्यातलं कुठलं कशासाठी, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी महिनाभर धडपडले आणि मग पेटी बाजूला ठेवून फक्त चांगला व्हाइस, दोऱ्याचं रीळ धरणारा बॉबिन होल्डर आणि गळ वेगळे विकत घेतले. बाकीचं सामान कुठे मिळेल या शोधात असताना लक्षात आलं की त्यातलं निम्मं मी रोज काउंटरवर बघतेच आहे.

आता या दुकानाचा खरा गुण. एका दुपारी मी गुलाबीसर तपकिरी रंगाच्या दोन लोकरी हातात घेऊन उभी होते. एक गुबगुबीत, गालाला लावावी अशी. दुसरी जरा कडक, बोटात चरचरणारी. काकांनी विचारलं, "कुणाचं स्वेटर?" मी म्हटलं, "स्वेटर नाही काका, कोळंबी करायचीय," आणि पर्समधली डबी काढून एक फ्लाय त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ती डोळ्यांपाशी नेली, उलटीसुलटी केली, डोक्यापाशी दोरा कुठे संपलाय ते नखाने चाचपून पाहिलं. मग स्वतःच्या पाण्याचा स्टीलचा ग्लास पुढे सरकवला, दोन्ही लोकरींचे बोटभर तुकडे कापून दिले आणि म्हणाले, "बुडवून बघा. हिला पाण्यातच जायचंय ना?"

गुबगुबीत लोकर पाण्यात गेली, क्षणभर फुगली आणि लगेच मिटून सुतळीसारखी झाली. ग्लास हलवला तरी ती एकसंध काडीसारखी हलायची. चरचरीत लोकर आधी वरच तरंगली. तिच्यात अडकलेले हवेचे बुडबुडे चिमटीत दाबून काढले तेव्हा ती हळूहळू खाली उतरली, आणि उतरताना तिचे तंतू सुटे राहिले. ग्लासाला टिचकी मारली की तेवढेच तंतू थरथरायचे आणि परत स्थिर व्हायचे, कोळंबीचे पाय थरथरतात तसे. गुबगुबीत होती ती मेंढीची लोकर, ती पाणी शोषते. दुसरी ॲक्रिलिकची, ती फारसं पाणी घेत नाही. दुकानात मी गुबगुबीतच घेतली असती. हाताला तीच छान लागत होती.

तेव्हापासून मी त्या दुकानातून एकही वस्तू कोरडी बघून घेतलेली नाही. ग्लास मागावा लागत नाही, मला बघितलं की काका तो भरून काउंटरवर ठेवतात. रंगाचंही तसंच. ओलं झालं की रंग एकदोन छटा गडद होतो. शेवाळी हवा असेल तर कोरड्यात जरा पोपटीकडे झुकणारा घ्यावा लागतो, आणि कोरडा असताना कोळंबीसारखा दिसणारा फिका तपकिरी पाण्यात चिखलाचा होतो. मोठाल्या परदेशी दुकानांची पाकिटं प्लास्टिकमध्ये सीलबंद येतात, त्यांच्यावर फोटो असतो तो कोरड्या मालाचा. इथे मला माल पाण्यात बघून घेता येतो. फ्लाय बांधणाऱ्याला याहून जास्त काय हवं?

दोऱ्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण फ्लाय सुटते ती बहुतेक वेळा दोऱ्यामुळे. फ्लायसाठी म्हणून जो दोरा विकतात त्याच्या रिळावर ७०, १४०, २१० असे आकडे असतात. तो डेनिअर, म्हणजे ९,००० मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन. साड्यांचं काम करणाऱ्यांना हा शब्द नवा नाही. लहान गळाला बारीक दोरा, मोठ्याला जाड, इतकं सोपं. शिवणाचा साधा पॉलिएस्टर दोरा मात्र चालत नाही. तो आखूड तंतू पिळून कातलेला असतो. हातभर दोरा उजेडाकडे धरून ताणा, अंगावर लव दिसेल. ती लव थरावर थर चढली की फ्लायचं डोकं फुगतं आणि गळाचा डोळा बुजून जातो. मशीन एम्ब्रॉयडरीचा दोरा सलग तंतूंचा असतो, तुळतुळीत. त्यातला नेहमीचा ४० नंबरचा पॉलिएस्टर दोरा १२० डेनिअरच्या दोन पदरांचा, म्हणजे दोन्ही मिळून २४० च्या आसपास. खाडीतल्या मोठ्या फ्लायला अगदी बरोबर. लहान फ्लायसाठी बॉबिन होल्डर पिळाच्या उलट दिशेला गरागरा फिरवून सोडला की पीळ उकलतो आणि दोरा फितीसारखा चपटा बसतो. पिकोच्या मशीनवर वर्षानुवर्षं दोरा सांभाळलेल्या बाईला हे हातात घेताक्षणी कळतं. हे कुठल्याही व्हिडिओतून मला इतकं पटकन कळलं नसतं.

फसवतो तो रेयॉन. दिसायला तसाच, उलट चमक थोडी जास्तच. सुका असताना मजबूत वाटतो, पण ओला झाला की त्याची ताकद बरीच कमी होते. ओळखायच्या दोन पद्धती काकांनी दाखवल्या. एक, टोक जिभेने ओलं करून ओढायचं. दुसरी, काडी ओढून जाळायचं. रेयॉन कागदासारखा जळतो आणि राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक काळा मणी होतो. छोटा कोन २५ रुपयांना मिळतो आणि त्यात माझ्या दोनेकशे फ्लाय होतात.

याच बाबतीत माझी मोठी तक्रार आहे. काकांचा भाचा काउंटरवर असला की कोन एकमेकांत मिसळतात. दोन वर्षांपूर्वी त्याने मला काळ्या रंगाचा कोन पॉलिएस्टर म्हणून दिला. मी घाईत होते, ओला करून पाहिला नाही, आणि त्या एका कोनावर आठवडाभरात बारा फ्लाय बांधल्या. नारळी पौर्णिमेनंतर, भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत, मामाच्या होडीतून घोडबंदरच्या बाजूला नागला बंदराकडे गेलो होतो. भांगात पाण्याला ओढ कमी असते, गाळ जरा खाली बसतो, म्हणून बाबा त्या दिवसांवर नजर ठेवून असतात. तिवरांच्या मुळांपाशी मी फ्लाय टाकली, दोन ओढ दिल्या आणि जिताड्याने धडक मारली. पाण्यावर भोवरा उठला तो मी पाहिला, हातात झटका जाणवला आणि लगेच दोरी सैल पडली. परत ओढून घेतली तर गळावर चारच केस उरलेले, दोरा डोक्यापाशी फिसकटून लोंबत होता, मण्यांचे डोळे एका बाजूला कलले होते. दुसरी फ्लाय लावली, तीही तासाभरात तशीच. बाबा काही बोलले नाहीत, गळ हातात घेऊन ओला दोरा दोन बोटांत ओढला, तो पटकन तुटला, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. नारळी पौर्णिमेपासून ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस त्या कोनापायी गेला.

काकांना जाऊन सांगितलं तेव्हा त्यांनी तोच कोन माझ्यासमोर ग्लासात भिजवला, तोडून पाहिला आणि एक शब्द न बोलता खण उपसून दोन्ही प्रकारचे कोन वेगळे केले. पैसे परत दिले, वर एक पॉलिएस्टरचा कोन दिला. हा त्यांचा चांगुलपणा. पण खणाला अजूनही चिठ्ठी लावलेली नाही आणि भाचा अजूनही मिसळतो. म्हणून कोन हातात आला की जिभेवर टेकवा, लाजू नका.

कोळंबीकडे परत येते. माझी पहिली कोळंबी मला फार आवडली होती. डोकं गळाच्या डोळ्याकडे, शेपूट मागे, मिशा पुढे. बाबांनी ती पाण्याच्या बादलीत ओढून पाहिली. म्हणाले, "कोळंबी चालते पुढं, पण भ्याली का मागं उडते. तुझी तोंड पुढं करून पळते, बाय. मासा बघंल आणि जाईल." मग मी अख्खी फ्लाय उलटी केली. आता डोळे आणि मिशा गळाच्या बाकापाशी, शेपूट गळाच्या डोळ्यापाशी. ओढलं की ती शेपटीच्या दिशेने उडते. जाणकार बांधणारे कोळंबी अशीच बांधतात, हे मला नंतर समजलं. बाबांना ते लहानपणापासून माहीत होतं.

हिचं सगळं सामान या एका दुकानातलं. डोळ्यांना मंगळसूत्राचे काळे मणी, नायलॉनच्या जाड तारेत ओवायचे आणि तारेचं टोक उदबत्तीने वितळवून मणी अडकवायचा. पाठीला ॲक्रिलिकची लोकर, पाय त्याच लोकरीचे फणीने विंचरून काढलेले. वजनाला बारीक गोळ्यांची धातूची साखळी, पर्सला आणि किचेनला लावतात ती. तिच्या दोन गोळ्या कापून गळाच्या दांड्यावर, टोकाच्या उलट बाजूला, आठच्या आकड्यासारखा दोरा फिरवून आवळायच्या. वजन त्या बाजूला आलं की पाण्यात गळ उलटा होतो आणि टोक वर राहतं. बहामाच्या उथळ पाण्यातल्या बोनफिश माशासाठी बांधतात त्या क्रेझी चार्ली नावाच्या फ्लायची हीच युक्ती. आमच्या खाडीच्या तळाला मुळं, दोऱ्या, प्लास्टिक काय काय असतं, तिथे टोक वर असणं हा मोठा आधार आहे. साखळी घेताना फ्रीजवरचं चुंबक सोबत न्या. चिकटली तर लोखंडी, खाऱ्या पाण्यात दोन दिवसांत गंजून लोकरीवर डाग पडतात. इथे पितळेची, निकेल चढवलेली मिळते, ४० रुपये मीटर, पण मागावी लागते. पुढे टांगलेली असते ती लोखंडीच.

आता पिसांच्या माळा. शाळेच्या गॅदरिंगला नाचात गळ्यात घालतात त्या. डिसेंबरात या दुकानात त्यांचा ढीग असतो आणि बाकी वर्षभर एकदोन कोपऱ्यात पडलेल्या असतात. त्यांत दोन जाती येतात, एक दांडीची आणि एक भुसभुशीत. भुसभुशीत घ्या, ते टर्कीचं पीस, फ्लायवाले ज्याला मॅराबू म्हणतात ते. नाव एका करकोच्यावरून आलेलं असलं तरी आज विकलं जातं ते टर्कीचंच. कोरडं असताना चिमूटभर पीसही मुठीएवढं दिसतं, भिजलं की काडीएवढं होतं, आणि पाण्यात ओढून थांबवलं की परत उमलतं. वूली बगर नावाची फ्लाय सगळी या पिसावर उभी आहे. पेनसिल्व्हेनियातल्या रसेल ब्लेसिंगने ती १९६७ मध्ये बांधली. शेपटीला मॅराबू, अंगाला चेनिल म्हणजे मखमली लव असलेला जाड दोरा, आणि अंगभर गुंडाळलेलं कोंबड्याचं मानेचं पीस. कशाची नक्कल म्हणाल तर एकाचीच अशी नाही, मासळी, जळू, किड्याची अळी, सगळ्यांच्या जवळ जाणारी. बदलापूरकडच्या एका ओळखीच्या शेततळ्यावर मी काळी आणि शेवाळी वूली बगर वापरते. तिलापिया तिला सोडत नाही, आणि एकदा मरळीने ती पार घशापर्यंत घेतली होती. नवीन शिकणाऱ्याने पहिली हीच बांधावी. हिच्यात चूक झाली तरी ती मासा पकडते. चेनिलही इथेच मिळतं, कापडी फुलांच्या सामानात असतं, तार असलेलं नको, तार नसलेलं मागा.

माळेचा रंग सुटतो, हा तिचा दोष. घरी नेऊन पाणी नितळ येईपर्यंत धुवायची, सावलीत वाळवायची आणि मगच वापरायची. लाल आणि जांभळ्या माळा मी घेणं सोडलं, त्यांचा रंग संपतच नाही.

केसांचं मात्र वेगळं आहे. क्लाउझर मिनो ही लहान मासळीची फ्लाय बॉब क्लाउझर यांनी १९८७ मध्ये अमेरिकेतल्या सस्कोहाना नदीतल्या स्मॉलमाउथ बास माशासाठी बांधली, तिला अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे केस लागतात. ते कडक, लांब, प्रवाहात आकार धरून राहणारे. आपल्याकडची सगळी हरणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, तेव्हा इथून तसलं काही मिळवायचा विचारसुद्धा करू नये. दुकानात त्याला पर्याय आहे तो टेडीबेअरच्या लांब केसांच्या कापडाचा. पाव मीटरपेक्षा कमी देत नाहीत, ९० रुपये. पाव मीटर दोन वर्षं पुरतं. कापताना कात्री नको. मागच्या बाजूने नुसती जाळी ब्लेडने कापायची म्हणजे केसांची टोकं शाबूत राहतात. मग उवांच्या बारीक फणीने खालची आखूड लव काढून टाकायची. ती लव फेकू नका, तीच कोळंबीच्या अंगाला कातता येते.

हा केस मऊ आहे. शेततळ्यात तो सुंदर हलतो, पण खाडीत ओहोटीची ओढ लागली की गळाच्या बाकाला गुंडाळला जातो आणि मग फ्लाय वाकडी चालते. मी खाली नायलॉनच्या चारपाच कडक तारा बांधते आणि त्यांच्यावर केस. तारा दिसत नाहीत, केसांना टेकू देतात. आणि गढूळ पाण्यासाठी डोकं मोठं करते, मेंढीच्या त्या गुबगुबीत लोकरीचे पुंजके दाट बांधून, कात्रीने कापून सुपारीएवढं गोल केलेलं. मासा फक्त डोळ्यांनी शोधत नाही. त्याच्या अंगावर दोन्ही कुशींना जी रेषा असते तिने त्याला पाण्याची हालचाल कळते. जाडं डोकं पाणी ढकलतं, बारीक डोकं पाणी कापून जातं. जी लोकर कोळंबीच्या पायांना नापास झाली तीच इथे लागते, कारण ती पाणी पिऊन जड होते आणि डोकं तरंगू देत नाही. म्हणून मी कुठल्याही मालाला वाईट म्हणत नाही. कुठल्या पाण्यात, कुठल्या जागी, एवढंच विचारते.

जरीबद्दल थोडं. दोन प्रकारची असते, तांब्याच्या तारेची आणि प्लास्टिकची. तारेची जर फार देखणी, पण खाऱ्या पाण्यात काळी पडते. गोड्या पाण्यासाठी घ्या. खाडीसाठी प्लास्टिकची, आणि तीही दोनतीन धागेच. जास्त चमक झाली की बोई मासे बुजतात असा माझा अनुभव आहे.

या दुकानात न मिळणाऱ्या गोष्टीही सांगते. गळ मिळत नाहीत, ते बाहेरूनच मागवा. खाडीसाठी टिन चढवलेले किंवा स्टेनलेस हवेत. घेताना आकड्यांत गोंधळू नका, २ नंबरचा गळ ६ नंबरपेक्षा मोठा आणि १/० त्याहूनही मोठा. कोंबड्याचं पीस इथे नाही. ब्रॉयलरचं पीस मऊ आणि कच्चं असतं, त्याचा उपयोग नाही. गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं मला एक मावशी कोळीवाड्यात सणासुदीला ठेवून देतात. साबणाने धुवायची, कडकडीत वाळवायची, पिशवीत बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवायची, नाहीतर कसर लागते. मोरपिसाचे तंतू अंगाला फार छान दिसतात. गळून पडलेलं पीस देशात विकायला मुभा आहे, पण देशाबाहेर न्यायची बंदी आहे, म्हणून दादाच्या जहाजावरच्या मित्राने मागितलं तेव्हा मी स्पष्ट नाही म्हटलं. आणि राखी रानकोंबड्याचं मानेचं पीस, मेणाच्या थेंबासारखे ठिपके असलेलं, जुन्या विलायती सामन माशाच्या फ्लायवर सजवलेलं दिसतं, ते आपल्या सह्याद्रीतल्या पक्ष्याचं आहे. तो संरक्षित आहे. फ्लाय कितीही सुंदर होत असली तरी ते पीस हातात धरू नका.

फ्लायच्या डोक्यावर शेवटचा लेप म्हणून मी पारदर्शक नेलपॉलिश लावते, तेही याच दुकानात बांगड्यांच्या बाजूला ठेवलेलं असतं, ३० रुपये. दोन हात द्यायचे, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा.

आणखी दोन तक्रारी आहेत. लोकरीचा तोच नंबर पुढच्या खेपेला थोडा वेगळा रंग घेऊन येतो, म्हणून एखादी छटा जमली की दोन गुंडे एकदम घ्या. माझी एक शेवाळी छटा तशीच हातची गेली, तिच्यासारखी परत मिळालेली नाही. आणि उजेड कमी आहे. काउंटरवर पिवळा बल्ब आहे, त्यात गुलाबी आणि भगवा एकच दिसतात. रंग ठरवायचा असेल तर तुकडा घेऊन पायरीवर या, काका हरकत घेत नाहीत.

दुपारी बारा ते चार या वेळेत जा, तेव्हा काका स्वतः असतात आणि गर्दी नसते. नवरात्राच्या आधी पंधरा दिवस आणि दिवाळीत जाऊ नका, त्यांना मान वर करायला वेळ नसतो. सोमवारी बंद. पन्नासच्या वर यूपीआय चालतं, खाली सुटे द्या. बांधलेली एखादी फ्लाय सोबत न्या आणि काउंटरवर ठेवा, काय हवंय ते शब्दांत सांगत बसण्यापेक्षा ते त्यांना तिच्यावरून कळतं. मागच्या आठवड्यात मी गेले तेव्हा त्यांनी न विचारता एक करड्या रंगाचा चेनिलचा तुकडा माझ्यासाठी बाजूला काढून ठेवला होता, आणि तो ओला होता.